मायनं दाखवलेलं ऊन

९ जानेवारी २०२५

कर्करोग नाही! आधी हेच लिहून ठेवते. उद्या पुन्हा घाबरले तर वाचायला बरं.

कर्करोग नाही, पण त्याच्या अलीकडचं काहीतरी आहे. लातूरच्या कातडीच्या डॉक्टरांनी भिंग लावून दोन्ही हातांच्या पाठी बघितल्या, नाक बघितलं, डावं कानशील बघितलं. वर्षभर मी ज्यांना कोरडेपणा म्हणून खोबरेल चोपडत होते, त्या खरखरीत खपल्या उन्हानं झाल्यात म्हणे. यंदाच्या उन्हानं नाही, जन्मभराच्या. "तुमच्या अंगात रंगच नाही मॅडम, जन्मापासून. मग ऊन अडवणार कोण?" तशाच ठेवल्या तर त्यातली एखादी पुढं कर्करोगाकडं वळू शकते. म्हणून आत्ताच मलम लावून, वर लाल उजेड टाकून त्या मारायच्या.

उजेडानं! मला हसूच आलं. एक्केचाळीस वर्षं उजेडाकडं डोळे बारीक करून बघणाऱ्या बाईला आता उजेडच बरं करणार.

मग त्यांनी विचारलं, "लहानपणी उन्हात फार असायचात का?"

मी दाराकडं बघितलं. माय बाहेर बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. म्हटलं, "असेन. खेड्यात सावलीत कोण बसतं!"

खोटं. खरं मला पाठ आहे. मायनं हजार वेळा सांगितलंय, पाहुण्यांना, शेजारणींना, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. मी पांढरी जन्मले. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. बघायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून परत गेल्या. आजी म्हणाली, आतल्या खोलीत ठेव, कुणाला दाखवू नकोस. माय ऐकली नाही. कुणीतरी तिला सांगितलं होतं की ऊन लागलं की रंग चढतो. मग रोज सकाळी करडईचं तेल चोळून, अंगणात पोतं टाकून मला उन्हात ठेवायची. सावली सरकली की पोतं सरकवायची. दोन वर्षं. "सासूच्या शिव्या खाल्ल्या, पर लेकराला ऊन दाखवलं. म्हनून ही आज नोकरी करून राहिली."

मायजवळ फुशारकीनं सांगायला दुसरं काहीच नाही. शाळा नाही, माहेर नाही, नवरा लवकर गेला. ही एक गोष्ट आहे. ती मी तिच्याकडून काढून घेणार नाही. तिला कळता कामा नये.

बाहेर आल्यावर तिनं विचारलंच. "कशानं झालं म्हन्ले?"

"धुरानं. स्टँडवर गाड्यांचा धूर असतो ना."

"मी म्हन्लंच हुतं. आग लागू दे त्या नोकरीला!"


१० जानेवारी

दयानंदला फोन केला. उपचाराच्या वेळी त्याच्याकडं लातूरला राहावं लागणार, हे सांगितलं. कारणही सांगितलं. धाकटा असून मोठ्यासारखा बोलतो — "आक्का, सांगून टाक की मायला. तिला काय कळत होतं तवा? कुणी तिला दोष देऊन राहिलंय का?"

देणार ती स्वतःच! हे ह्याला कोण समजावणार? तोंड उघडलंस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, असं सांगून ठेवलंय.


१३ जानेवारी

ड्युटी. माईकवरून गाड्या पुकारायच्या. देगलूर गाडी लेट, नांदेड गाडी लेट, बाया खिडकीशी येऊन माझ्यावर ओरडतात. जशी काही गाडी मीच पदराखाली लपवून ठेवलीय! एक पोरगी आईला हळूच म्हणाली, "आवाज किती गोड हाय, अन् बाई बघ." मुखेडच्या स्टँडवर पंधरा वर्षं झाली, अजून हेच. वेळापत्रक नाकाला लावून वाचते, तेही त्यांना बघायचं असतं.

हातावरच्या खपल्या आज फार खाजल्या.


२१ जानेवारी

झालं.

सकाळी गेलो. सिस्टरनं — तनुजा तिचं नाव, हात हलका — आधी खपल्या खरवडल्या. मग मलम. हैद्राबादहून मागवलेलं, एवढीशी नळी. मलमावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर चांदीचा कागद, आणि मग अंधाऱ्या खोलीत तीन तास नुसतं बसायचं. मलम कातडीत मुरलं पाहिजे. बिघडलेल्या जागी ते जास्त मुरतं आणि उजेड पडला की तेवढीच जागा मरते, असं तनुजानं सांगितलं. हे मात्र मला आवडलं. चांगलं-वाईट ओळखणारं मलम!

माय हट्टानं आत येऊन बसली. माझे डोळे झाकलेले. तीन तास गप्प बसणं तिला कुठं जमतंय? थोड्याच वेळात सुरू झाली. तीच गोष्ट. पांढरी जन्मली, सासू म्हणाली आत ठेव, मी तेल लावून ऊन दाखवलं —

"दोन साल, सिस्टर! एक दिस चुकवला न्हाई. भाद्रपदातलं ऊन तर लई कडक. त्यातच जास्त गुन असतो म्हन्तेत."

मला तनुजाचं तोंड दिसत नव्हतं, पण चिमटे ट्रेमध्ये ठेवायचा आवाज थांबला होता. एक शब्द, एकच शब्द तिनं बोलायचा अवकाश होता. मी चांदीच्या कागदाखाली दात आवळून बसले.

मग ती म्हणाली, "लई केलंत मावशी तुम्ही."

देवा! त्या पोरीचं भलं कर.

मग दिवा. तीन तासांच्या मानानं काम थोडक्यात, पण दिवा लागल्याबरोबर चेहऱ्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा फासून वर टाचण्या टोचाव्यात तसं झालं. तनुजा थंड पाण्याचा फवारा मारत होती, पंखा जवळ धरत होती. मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ओरडले. मायला काळा चष्मा देऊन कोपऱ्यात बसवलं होतं. ती रडत रडत सारखी एकच विचारत होती, "थोडंच राहिलं ना वो? थोडंच राहिलं ना?"

आता दोन दिवस अंधार. ऊन तर नाहीच, ट्यूबलाइटही नको. ओढणीत तोंड गुंडाळून, रिक्षाला पडदे लावून दयानंदच्या घरी आले. भावजयीनं आतल्या खोलीच्या खिडक्यांवर सोलापुरी चादरी ठोकल्यात. दाराच्या फटीतून येतंय तेवढ्यावर लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. चढू देत.


२२ जानेवारी

चेहरा सुजलाय. डावा डोळा उघडत नाही.

मायचं काय चाललंय कळत नाही. दर थोड्या वेळानं दार किलकिलं करते आणि हाक मारते. मी ओ दिली की लावते. परत येते.

"रेणुका."

"काय गं?"

"काही न्हाई. बोलत ऱ्हा."

मघाशी आली ती थेट माझ्या छातीवर हात ठेवून बसली. "खोकलीस का आता?" म्हटलं नाही, बाहेर कुणी खोकलं असेल. तरी हात काढला नाही. मग म्हणाली, "पोरी, असं कोंडून माणूस बरं होत न्हाई. जरा दार उघडू का? कोवळं ऊन हाय." मी ओरडलेच तिच्यावर — "औषध लावलंय ना! कळत नाही का!"

गेली. जेवली नाही म्हणे दुपारी. मला इतकं वाईट वाटलं. ऊन कामून नको, ते सांगता येत नाही. म्हणून ओरडावं लागतं, आणि ओरडून झालं की रडावं लागतं. त्या खाऱ्या पाण्यानं गाल चरचरतो तो वेगळाच.


२४ जानेवारी

अंधार संपला. आणि एक भलतंच होऊन बसलं.

सकाळी माय माझ्या उशाशी येऊन बसली, चेहरा एकदम खुललेला. म्हणाली, "मी रात्रभर इचार केला. ते मशीन म्हंजी काय गं? डॉक्टरचं ऊनच की! मी पोतं टाकून दाखवायची, ते बटन दाबून दाखवतेत. मी म्हनत हुते की न्हाई? चाळीस सालाआदी म्हनत हुते! कुनी ऐकलं न्हाई. आता शिकलेले डॉक्टर बी तेच करून राहिले."

दयानंद दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"हाव की न्हाई?" माय म्हणाली.

"हाव," मी म्हटलं.

भावजयीला हाक मारून तिनं शिरा करायला लावला. तूप जास्त घाल म्हणाली.


२ फेब्रुवारी

खपल्या गळतायत. खालून नवीन कातडी, कोवळी, लालसर. डॉक्टरांनी फोनवर फोटो बघितले, छान म्हणाले. हातांवरच्या एक-दोन जाड होत्या, त्यांना परत एकदा करावं लागेल.

माय रोज सकाळी माझी हनुवटी धरून खिडकीकडं वळवते आणि निरखते. काय बघते ते आज कळलं. "येऊन राहिली," म्हणाली. "जरा सावळी झाक येऊन राहिली बघ. आपल्या घरची."

काय सांगू हिला! हो म्हटलं. आता हो म्हणायची सवयच लागलीय.


१७ फेब्रुवारी

कामावर. मुखेडला परत आल्यापासून लांब बाह्या, हातमोजे, मोठ्या काठाची टोपी, ऊन अडवणारं मलम. ड्रायव्हर लोक मला "मोटारसायकलवाली" म्हणतात. म्हणू देत. माय विचारते हे सगळं कशाला. धुरासाठी, मी म्हणते. धुराला टोपी! तिला पटत नसावं, पण ती खुशीत आहे, म्हणून सोडून देते. गल्लीतल्या प्रत्येक बाईला डॉक्टरच्या उन्हाची गोष्ट सांगून झालीय. जुन्या गोष्टीला नवा शेवट मिळालाय. इतकी आनंदात मी तिला कधी बघितलेली नाही.

हे एक मी बरोबर केलं असं वाटतंय.


४ मार्च

नाही. बरोबर केलं नाही.

दुपारी एक पोरगी खिडकीशी आली. ऋतुजा. माहेर इथलंच जवळचं, सासर देवणीला. कडेवर लेकरू, टॉवेलात गुंडाळलेलं. टॉवेल बाजूला केला. पांढरं जावळ, गुलाबी कातडी, डोळे भिरभिरते. मीच. आदर्श नाव, सहा महिन्यांचा. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मुखेडच्या स्टँडवर अशी एक बाई नोकरी करते, जाऊन बघ, धीर येईल.

माय माझा डबा घेऊन तिथंच आलेली. तिनं लेकरू घेतलं, मुके घेतले, आणि रडायला लागली. मग डोळे पुसून सांगायला लागली. मी माईकवर होते. नांदेड गाडी, बाऱ्हाळी गाडी, सुट्या पैशांची सूचना. काचेमागून तिचे शब्द येत होते. तेल चोळ. पोतं टाक. सावली सरकली की पोतं सरकव. "डॉक्टर बी तेच करतेत बाई, हिला विचार! भिऊ नको. सासू काय बी म्हनू दे, तू ऊन दाखव."

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. विचारायलाच बघितलं. माय पण बघत होती, कौतुकानं.

आणि मी माईकचं बटण दाबून म्हटलं, "उदगीरमार्गे देवणीकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे."

ती नंबर देऊन गाडीत बसली. रंग चढला की कळव, माय खिडकीतून सांगत होती.


५ मार्च

फोन केला. मायच्या माघारी, स्टँडमागच्या लिंबाखाली उभं राहून. ऋतुजाला सगळं सांगितलं. ऊन म्हणजे विष आहे ह्या लेकराला, टोपी घाल, सावलीत ठेव, कातडीच्या डॉक्टरला आणि डोळ्याच्या डॉक्टरला दाखव. माझ्या हातांचं सांगितलं.

ती म्हणाली, "पर मावशी तर तसं म्हन्ल्या, अन् तुम्ही तितंच हुतात. तुम्ही तवा काहीच बोलल्या न्हाईत. आमच्या सासूबाई म्हन्त्यात, जिनं वाढवलं तिचं ऐकायचं. आज सकाळपासून सुरू केलंय बघा. पोरगं लई रडतंय, पर सवय होईल म्हन्त्यात."

मी चिडले, ओरडले. तिनं फोन ठेवला. परत केला तर सासूनं उचलला. आम्हाला शिकवू नका, म्हणाली.

मार्चचं ऊन. देवणीचं अंगण. सहा महिन्यांचं पोर.


६ मार्च

परत फोन केला. उचलत नाहीत.

दयानंदला विचारलं. तो म्हणाला, "तुझं ऐकणार न्हाईत आक्का. मायचंच ऐकतील. मायचं मन अन् ते लेकरू, आता दोन्ही हातात धरून बसता येणार न्हाई." मी फोन कट केला. खरं बोलतो म्हणून राग येतो त्याचा.


७ मार्च

सांगितलं.

माय ज्वारी निवडत होती. मी समोर बसले, हातमोजे काढले, दोन्ही हात तिच्या सुपापुढं धरले. "माय, हे धुरानं झालेलं नाही."

ती हसली. "मग कशानं?"

मी सांगत गेले. अंगात रंग नसला की उन्हाला अडवणारं काही नसतं. रंग उन्हानं चढत नाही, कातडी भाजते, आणि भाजलेलं आत साठत जातं. डॉक्टरच्या दिव्याचं काम वेगळं, उन्हाचं वेगळं. मला लागलेलं सगळंच ऊन काही तुझं नाही, शाळेत गेले ते ऊन होतं, शेतात गेले ते होतं, नोकरीचं होतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझी चूक नाही, तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. किती वेळा म्हटलं कोण जाणे. आणि मग त्या लेकराचं सांगितलं.

ती निवडतच होती. खडा काढायची, बाजूला ठेवायची. मग तिचा हात थांबला.

"तू रडायचीस," म्हणाली. "पोत्यावर. लई रडायचीस. मला वाटायचं भूक लागली. पाजायचे, अन् परत ठिवायचे."

मी तिला धरायला गेले तर तिनं हात बाजूला केला. रागानं नाही. माझ्या हाताला तिचा हात लागू नये म्हणून.


९ मार्च

माय बोलत नाही. भाकरी करते, ताट वाढते, डबा भरते. माझ्या तोंडाकडं बघत नाही. सकाळी हनुवटी धरून खिडकीकडं वळवायची, ते बंद झालं. मला ते नकोसं व्हायचं. आज मी स्वतःच खिडकीशी जाऊन उभी राहिले. ती आली नाही.

ही गोष्ट मी तिच्याकडून काढून घेणार नाही म्हणाले होते. घेतली.


११ मार्च

दुपारी घरी आले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, भामाबाई पिशवी घेऊन गेल्या. स्टँडवर परत पळाले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, तुमची माय सकाळच्या उदगीर गाडीत होती की. देवणीची गाडी कुठं भेटंल ईचारत हुती."

एकटी! जी घर ते स्टँड सोडून एकटी कधी कुठं गेलेली नाही!

दिवस मावळताना उतरली. चेहरा उन्हानं काळवंडलेला, ओठ सुकलेले. पाणी दिलं. तांब्या संपवला.

"सांगितलं," म्हणाली. एवढंच. भिंतीकडं तोंड करून पडली.


१२ मार्च

सकाळी ऋतुजाचा फोन. रडत होती. पोरगं आता घरात आहे, टोपी आणली, सोमवारी लातूरला दाखवणार. माय म्हणे काल सगळ्या गल्लीसमोर तिच्या सासूला म्हणाली, मी माझी लेक भाजली, तुम्ही नका भाजू. सासूनं विचारलं, मग काय करायचं, आतल्या खोलीत कोंडून ठेवायचं का ह्याला? तेव्हा माय तिथं उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली — कोंडू बी नका. माझा पहिला कोंडल्यानंच गेला.

ऋतुजा म्हणाली, "तुमच्या आदी एक भाऊ हुता ना ताई तुम्हाला? असाच पांढरा. तुमच्या आजीनं कुनाला दिसू नये म्हनून आतल्या खोलीत ठिवला, चुलीच्या धुरात. पाच महिन्यांचा असताना खोकून खोकून गेला म्हन्ल्या. म्हनून दुसरं झालं तवा त्यांनी ठरवलं, ह्याला मी आत ठिवनार न्हाई."

मी हो म्हटलं. जणू मला माहीत होतं.

माय मागं भाकरी थापतेय. मी अजून वळून बघितलेलं नाही.